पीएस४ वरून पीएस५ घ्यावा, की थांबून सरळ प्रो घ्यावा?

आपण विचारले आहे की घरात २०१६ साली घेतलेला पीएस४ (सोनीचे प्लेस्टेशन ४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) आहे, ४३ इंची ४के टीव्ही आहे, आणि आता पीएस५ घ्यावा की आणखी काही महिने पैसे साठवून त्याहून शक्तिशाली असा पीएस५ प्रो घ्यावा. उत्तर एका वाक्यात देता येते आणि ते देतोही: पीएस५ घ्या, डिस्क ड्राइव्ह असलेला घ्या आणि प्रोच्या नादी लागू नका. पण प्रश्नातल्या ‘शक्तिशाली’ या शब्दापाशी मी अडलो, कारण याच शब्दावरून आमच्या घरात २०१७ सालच्या चतुर्थीत एक वाद झाला होता, त्याचा निकाल आजतागायत लागलेला नाही, आणि त्या वादात माझी बाजू बरोबर होती असे मला अजूनही वाटते.

माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला घरातले लहानथोर सगळे भाई म्हणतात, बोटीवर नोकरीला आहे. बोटीवरच्या माणसाला चतुर्थीला घरी यायला मिळणे हा नशिबाचा भाग असतो. त्या वर्षी चतुर्थी २५ ऑगस्टला आली आणि भाईची सुट्टी तिच्याशी जुळली. मोपाचा विमानतळ तेव्हा व्हायचा होता, त्यामुळे तो दाबोळीला उतरला आणि तिथून थेट फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी आला. हातातल्या बॅगेत आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेला पीएस४ प्रो होता. हा प्रो आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात बाजारात आला होता, आणि भाईच्या मते तो आल्यापासून साधा पीएस४ म्हणजे भंगार झाला होता. हे तो ऐकवत कोणाला होता, तर पुतण्यांना खेळायला मिळावे म्हणून पणजीहून आपला साधा पीएस४ पिशवीत घालून आणलेल्या मला.

त्या घरातला टीव्ही ३२ इंची, फुल एचडी, म्हणजे ४के च्या एक चतुर्थांश ठिपक्यांचा. तो भिंतीला लागून एका जुन्या पेटाऱ्यावर ठेवलेला असतो आणि चतुर्थीच्या दिवसांत त्याच्यासमोरची जागा पंगतीसाठी मोकळी ठेवावी लागते, त्यामुळे खुर्च्या समोरच्या भिंतीला जातात. मधले अंतर मी काकीच्या शिवणाच्या टेपने मोजले: दहा फुटांना चार बोटे कमी. भाई म्हणाला, फरक आंधळ्यालाही दिसेल. मी म्हणालो, डोळसाला दिसला तरी पुष्कळ झाले.

माझे म्हणणे हवेतले नव्हते. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडची अक्षरांची पाटी याच हिशेबावर आखलेली असते. ३२ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका सुमारे ०.३७ मिलिमीटरचा असतो, आणि हा हिशेब मांडला तर तो ठिपका सव्वा मीटरच्या, म्हणजे जेमतेम चार फुटांच्या पलीकडून वेगळा दिसत नाही. आम्ही बसलो होतो दहा फुटांवर. म्हणजे जुन्या यंत्राने काढलेले सगळे ठिपकेसुद्धा ज्या जागेवरून डोळ्यांत मावत नव्हते, त्या जागेवर बसून नव्या यंत्राचे जास्तीचे ठिपके पाहायचा हट्ट चालला होता. भाईने हा हिशेब शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाला, कागद बाजूला ठेव, परीक्षा घे.

परीक्षा दुसऱ्या रात्री झाली. आमची आरती आटोपली होती आणि घुमटे वाजवणारी पोरे शेजारच्या घरी गेली होती. आम्हा दोघांकडे एकाच फुटबॉल गेमची डिस्क होती, म्हणून दोन्ही यंत्रांवर तेच मैदान, तेच दोन संघ लावून सामना सुरू होण्याच्या क्षणी थांबवला आणि दोन्ही यंत्रे एकाच टीव्हीच्या दोन एचडीएमआय सॉकेटांना जोडली. नऊ वर्षांचा पुतण्या रिमोट घेऊन बसला. भाईने भिंतीकडे तोंड करायचे, पुतण्याने मनाला येईल ते सॉकेट लावायचे, मग भाईने वळून पाहायचे आणि कोणते यंत्र ते सांगायचे, असे दहा वेळा. भाईने पहिल्या सहा वेळा सहाही उत्तरे बरोबर दिली. मी सपशेल हरलो होतो आणि माझा चेहरा पाहून काकीने नेवरीची ताटली माझ्या बाजूला सरकवली.

सातव्या वेळी मी टीव्हीकडे न पाहता भाईच्या डोळ्यांकडे पाहिले. तो मैदान पाहतच नव्हता. सॉकेट बदलले की या टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘एचडीएमआय १’ किंवा ‘एचडीएमआय २’ असे दोन-तीन सेकंद उमटते, आणि भाई आल्या आल्या तेवढा कोपरा वाचत होता. मी कॅलेंडरचे सरलेले पान फाडून त्याचा तुकडा चिकटपट्टीने त्या कोपऱ्यावर लावला आणि परीक्षा पहिल्यापासून घ्यायला लावली. आता नऊ वेळांत पाच उत्तरे बरोबर आली, चार चुकली. नाणे उडवले असते तरी एवढीच आली असती. पुतण्याने दहाव्या वेळेसाठी रिमोट उचलला आणि वीज गेली. ती परत यायला पाऊण तास लागला; तोवर भाईने जाहीर करून टाकले होते की दहावे उत्तर बरोबर आले असते, दहांत सहा म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि परीक्षा अपुरी राहिल्यामुळे निकाल त्याच्या बाजूने धरावा. गेली कित्येक वर्षे आमच्या घरात ‘दहावी पाळी’ या दोन शब्दांवर कोणीही हसू शकतो, आम्ही दोघे सोडून.

आपल्या प्रश्नाशी याचा संबंध असा. प्रो नावाची यंत्रे ही पूर्ण पायरी नसून अर्धी पायरी असते. पीएस४ ची चित्र काढण्याची ताकद १.८४ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते) होती, पीएस४ प्रोची ४.२ होती, म्हणजे कागदावर दुपटीहून जास्त. पण त्याचा मुख्य प्रोसेसर त्याच जातीचा होता, फक्त त्याचा वेग १.६ गिगाहर्ट्झवरून २.१३ वर नेला होता, आणि हार्डडिस्क तीच जुनी फिरणारी होती. गेममधले शत्रू कसे विचार करतात, गर्दी किती दाखवता येते, एका जागेहून दुसरीकडे जायला किती वेळ लागतो, हे सगळे त्या जुन्या भागांवर ठरते, आणि तिथे प्रो हा जवळपास साध्या पीएस४ सारखाच होता. शिवाय प्रोसाठी वेगळे गेम निघत नाहीत. प्रत्येक गेम साध्या यंत्रावरही चाललाच पाहिजे, असेच धोरण होते. तेव्हा अर्धी पायरी चढणाऱ्याला मिळते ते नवे घर नव्हे, त्याच घराला नवा रंग मिळतो.

पीएस५ प्रोची गोष्टही याच घराण्यातली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो निघाला तेव्हा सोनीने दिलेले आकडे असे होते: चित्र काढणाऱ्या भागात ६७ टक्के जास्त घटक, २८ टक्के जास्त वेगवान मेमरी, आणि एकूण चित्र सुमारे ४५ टक्के अधिक वेगाने तयार होणार. त्याच्या जोडीला लहान चित्र यंत्रबुद्धीने मोठे आणि रेखीव करण्याची नवी सोय आणि २ टीबीची साठवण. मुख्य प्रोसेसर मात्र पीएस५ चाच. अमेरिकेत तेव्हाची किंमत ६९९.९९ डॉलर, आणि त्या पैशांत डिस्क ड्राइव्ह नाही. तो वेगळा विकत घेऊन बसवायचा. भारतात तो त्या वेळी अधिकृतपणे आलाच नाही, कारण त्यातले नवे वायफाय ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरते आणि त्या पट्ट्याला इथे तेव्हा मोकळीक नव्हती.

आता पीएस४ वरून पीएस५ कडे पाहा. हा आठ कोअरचा, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा, पूर्णपणे वेगळ्या पिढीचा प्रोसेसर आहे. चित्राची ताकद १०.२८ टेराफ्लॉप आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची साठवण आहे. पीएस४ ची हार्डडिस्क सेकंदाला फार तर शंभर एमबीच्या आसपास वाचते. ही पूर्ण पायरी. माझ्या जुन्या यंत्रावर एखाद्या मोठ्या गेममध्ये एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे म्हटले की मी चण्याची वाटी पुढ्यात ओढत असे आणि गाव येईपर्यंत ती निम्मी होत असे. पीएस५ आणल्याच्या पहिल्या संध्याकाळी त्याच सवयीने वाटीकडे हात नेला, आणि हात वाटीपर्यंत पोहोचायच्या आत गाव आले होते. हा फरक दहा फुटांवरून दिसतो, वीस फुटांवरूनही दिसतो, आणि कोपऱ्यातली अक्षरे झाकली तरी दिसतो.

इथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे, नाहीतर भाई हे उत्तर वाचून तीच सगळ्यांत आधी लिहील. २०१८ च्या दिवाळीत मीही पीएस४ प्रो घेतला. पणजीच्या फ्लॅटमध्ये ४३ इंची ४के टीव्ही आला होता, दुकानदार म्हणाला की एवढ्या टीव्हीला साधे यंत्र शोभत नाही, माझ्या जुन्या यंत्राचे त्याने सात हजार धरले आणि उरलेले मी निमूटपणे मोजले. चतुर्थीत टेप घेऊन अंतर मोजणारा माणूस दिवाळीत टेप घरी विसरला. आमचा सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. पहिले दोन दिवस मला फरक दिसला, कारण तो दिसावा अशी माझी इच्छा होती. तिसऱ्या दिवशी दिसेनासा झाला आणि पंख्याचा आवाज तेवढा उरला. पुढे २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात पीएस५ आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना, आणि ज्या पैशांत मी अर्धी पायरी चढलो होतो ते हाताशी असते तर पूर्ण पायरी केव्हाच चढलो असतो. प्रत्यक्षात मी पीएस५ घेतला तो २०२३ साली, किंमत ५४,९९० झाल्यावर. कोहळा देऊन आवळा घेतल्याचे हे माझे स्वतःचे उदाहरण आहे, म्हणून इतक्या ठामपणे लिहीत आहे.

आपल्या टीव्हीचा हिशेब तसाच मांडता येतो. ४३ इंची पडद्यावर ४के चा ठिपका पाव मिलिमीटरचा असतो. तो वेगळा दिसायचा तर साधारण पाऊण-एक मीटरवर बसावे लागेल, आणि पाच-साडेपाच फुटांच्या पलीकडे गेलात की ४के आणि फुल एचडी यांतला फरक बहुतेक विरून जातो. आपण किती अंतरावर बसता हे लिहिलेले नाही, पण गोव्यात ४३ इंची टीव्हीसमोर तीन फुटांवर बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. या आकाराचे बहुतेक टीव्ही ६० हर्ट्झचेच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे (फ्रेम) दाखवणारेच असतात, त्यामुळे १२० फ्रेमची चैनही तिथे चालत नाही.

सध्याचे फुटबॉलचे गेम पीएस४ वरही येतात, मग बदलायचे कशाला, असे आपल्याला कोणी सांगेल. ते गेम नावाने एक असले तरी वस्तूने दोन असतात. फिफा २२ मध्ये खेळाडूंच्या हालचालींची जी नवी पद्धत आली, ती पीएस४ ला मिळालीच नाही. जीटीए ६ हा नवा गेमदेखील पीएस५ आणि एक्सबॉक्सच्या चालू पिढीसाठी जाहीर झाला आहे, पीएस४ साठी नाही. आपले यंत्र इतक्या वर्षांचे आहे की ते सोडण्यात कसलाही उतावीळपणा नाही.

डिस्क ड्राइव्हचा आग्रह का, तेही सांगतो. पीएस४ च्या बहुतेक सगळ्या डिस्क पीएस५ वर चालतात, पण ड्राइव्ह नसलेले मॉडेल घेतलेत आणि वेगळा ड्राइव्ह बसवला नाही, तर त्या कपाटातच राहतील. माझे निम्मे गेम मित्रांशी अदलाबदल करून खेळलेले आहेत. डाउनलोड केलेला गेम शेजाऱ्याला देता येत नाही आणि विकताही येत नाही. जुन्या मॉडेलची ८२५ जीबीची साठवण लवकर भरते, नंतरच्या, आकाराने लहान ‘स्लिम’ मॉडेलमध्ये १ टीबी आहे, आणि दोन्हींत वेगळी एसएसडी बसवायची जागा आहे. यूएसबी हार्डडिस्कवर पीएस५ चे गेम ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. पीएस४ चे गेम मात्र तिथूनही चालतात.

आणि यूपीएस घ्या. त्या चतुर्थीत वीज गेली तेव्हा भाईच्या प्रोला काही झाले नाही, पण माझे यंत्र परत चालू केल्यावर साठवण तपासत बसले आणि पुतण्याने दोन दिवस खपून खेळलेला अख्खा हंगाम त्यात गेला. तो रडला नाही, फक्त रिमोट पेटाऱ्यावर ठेवून झोपायला गेला, आणि ते मला जास्त लागले. सेव्ह आपोआप इंटरनेटवर ठेवण्याची सोय पैसे भरून सभासद झालेल्यांनाच मिळते. पीएस५ खेळताना साधारण दोनशे वॅट वीज घेतो. टीव्हीसकट काही मिनिटे तग धरेल एवढा यूपीएस असला की गेम साठवून यंत्र नीट बंद करायला वेळ मिळतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात, प्रोवर जास्तीचे घालाल त्या पैशांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. यंत्र बंद कपाटात कोंबू नका, एवढेही करा.

भाईवर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी लिहितो, ज्या मला पुढे कळल्या आणि त्या रात्री कळल्या असत्या तरी मी बोललो नसतो. एक म्हणजे, पीएस४ प्रो मोठे चित्र काढून ते फुल एचडी टीव्हीसाठी आकसून देऊ शकतो, आणि त्यामुळे कडांवरच्या पायऱ्या गुळगुळीत होतात. स्थिर चित्रात एक ठिपका दुरून दिसत नसला तरी हलत्या चित्रात त्या कडांची चुळबुळ दिसते. मी परीक्षा घेतली ती सामना थांबवून. खेळाडू धावत असते तर भाईची उत्तरे कदाचित सुधारली असती. दुसरी म्हणजे, काही गेम प्रोवर अधिक सुरळीत चालत. पीएस५ वर सहसा दोन पर्याय असतात, रेखीव चित्र ३० फ्रेमला किंवा सुरळीत चाल ६० फ्रेमला. प्रो दाखवताना या यंत्राचे आखणीकार, सोनीचे मार्क सर्नी यांनी सांगितले होते की खेळणारे साधारण तीन चतुर्थांश वेळा सुरळीत चालच निवडतात, आणि प्रोचा दावा दोन्ही एकत्र देण्याचा आहे. तो लाभ ६० हर्ट्झच्या टीव्हीवरही मिळतो, हे मला मान्य आहे. पण ज्याने पीएस४ वर इतकी वर्षे ३० फ्रेममध्ये काढली, त्याला साध्या पीएस५ चे ६० फ्रेमच आधी पचवू द्या.

टीव्ही ६५ इंची असता, सोफा सहा फुटांवर असता आणि पैशांचा प्रश्न नसता, तर मी वेगळे लिहिले असते. बाहेरून आणलेला प्रो घ्यायचाच झाला, तर वॉरंटी इथे चालणार की नाही, ते विकणाऱ्याकडून आधी लेखी घ्या. मागच्या महिन्यात भाईचा बोटीवरून फोन आला होता, येताना पीएस५ प्रो आणतो म्हणून. मूळ घरात टीव्ही अजून तोच आहे आणि खुर्च्या चतुर्थीला अजून समोरच्या भिंतीलाच जातात. आपण आपल्या टीव्हीपासून किती फुटांवर बसता ते मोजून कळवा. मला भाईला सांगायला तो आकडा हवा आहे.